पायऱ्यांवरची अकरा मिनिटं

...हं, आता उघडा मोठं. अजून. अजून थोडं — बास. बसला मापाचा ट्रे. आता नाकाने श्वास घ्यायचा, जीभ मागे ओढून ठेवायची आणि तीन मिनिटं एक अक्षर बोलायचं नाही. लाळ गळली तर गळू द्या, टॉवेल कशाला बांधलाय? आणि हो, मघासारखं डॉक्टर म्हणू नका मला. डॉक्टर वरच्या मजल्यावर, ते दात काढतात. त्यांनी काढलेल्या जागी मी बसवतो. कवळ्या करणारा माणूस मी, एकतीस वर्षं झाली, अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं — आणि मलाच हसतं, असं आमची ही म्हणते. तोंडात ट्रे असला की समोरच्याला बोलता येत नाही, म्हणून मीच बोलतो. सवय झालीये. फोटो बघताय होय? कळलं मला, मघापासून डोळे तिकडेच आहेत तुमचे. ते हिरव्या शर्टातले, आमचा फुटबॉलचा संघ. सव्वीस वर्षं झाली त्या फोटोला. लोक जिंकलेल्या वर्षाचा फोटो लावतात, मान्य, पण आम्ही कधी जिंकलोय कुठे? आमच्याकडे लावायला हरलेलंच वर्ष आहे, आणि तेही अगदी थोडक्यात हरलेलं. सपाटून मार खाल्ला असता ना, तर विसरलो असतो हो. माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. पण हातातोंडाशी आलेला घास गेला की तो सव्वीस वर्षं घशातच राहतो.

त्या हंगामात पहिले आठ सामने नेहमीसारखेच, रडतखडत. नवव्यापासून जे सुटले ते हरेचनात — एकोणीस सामने! आणि मी कोण होतो माहितीये? मी होतो रेडिओ. हसू नका, ट्रे हलेल. सगळे मला रेडिओच म्हणायचे. मैदानाच्या एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या होत्या, सगळ्यात वरच्या पायरीवर भिंतीला पाठ लावून माझी जागा. गळ्यात ट्रान्झिस्टर, कानात वायर. का? तर त्याच वेळी दुसऱ्या गावात गिरणीवाल्यांचा सामना चालू असायचा — आमच्या तोडीचा तोच एक संघ — आणि तिकडचा आकडा मी बोटांनी दाखवायचो. उजव्या हाताची बोटं म्हणजे गिरणीवाल्यांनी केलेले गोल, डाव्या हाताची म्हणजे त्यांच्यावर झालेले. लोकांसाठी नव्हे हं! लोक माझ्या पुढे, माझ्याकडे पाठ करून उभे, त्यांचं लक्ष चेंडूवर. बोटं होती कॅप्टनसाठी. फोटोत मधोमध बसलाय, मांडीवर चेंडू घेऊन, तो. खेळता खेळता मान वर करायचा, माझे हात बघायचा आणि ठरवायचा — घाई करायची की सावकाश घ्यायचं. कोच तिकडे बोंबलतोय, त्याच्याकडे ढुंकून बघायचा नाही. माझ्याकडे बघायचा, एका कवळ्या करणाऱ्याकडे! अहो, माझ्या लग्नातसुद्धा माझ्याकडे इतकं कोणी बघितलं नव्हतं.

तर त्या रेडिओत दोन सेल, नवव्या सामन्याला घातलेले. मी बदललेच नाहीत. कसे बदलणार? ते घातले आणि आपण जिंकायला लागलो! कोणी मोजे धूत नव्हता, कोणी दाढी करत नव्हता, माझ्या शेजारचा शिंपी तर एकोणीस सामने एक पाय खालच्या पायरीवर सोडून उभा राहिला, पोटरीला गोळे यायचे त्याच्या. तसे माझे सेल. आठवडाभर रेडिओ बंद. सामन्याच्या सकाळी सेल खिडकीत उन्हात तापवायचे, दाताने थोडे चावायचे — हो, चावायचे, स्वतः दातांचा धंदा करून! — आणि चालायचे बिचारे. ही चिडायची. म्हणायची, तुमच्या त्या सेलांपायी एक दिवस तोंडघशी पडाल. बायका काय, बोलतात.

थांबा, झालं हे. सैल सोडा ओठ... निघालं. सुरेख आलंय. चूळ भरा. अंहं, बोलू नका, लगेच वरचं घ्यायचंय. पावडर कालवली की ती कोणासाठी थांबत नाही. उघडा. वरचंच महत्त्वाचं, पुढचे दोन तिथलेच गेलेत ना तुमचे. हं. दाबून धरतो मी.

शेवटचा दिवस. आम्ही एका गुणाने पुढे. गणित सोपं — गिरणीवाल्यांची बरोबरी झाली तर आम्हाला बरोबरी पुरे, ते जिंकले तर आम्हालाही जिंकायलाच हवं. आमचं शून्य-शून्य, तिकडे एक-एक. माझं उजवं एक बोट वर, डावं एक बोट वर. एकोणऐंशीव्या मिनिटाला कानात खरखर झाली, आवाज बारीक बारीक होत गेला आणि संपला. सेल गेले. नवे? नवे कुठून आणणार, सुट्टीचा दिवस, दुकानं बंद. काय करणार माणूस? अकरा मिनिटं उरलेली. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला तिकडे गिरणीवाल्यांनी दुसरा गोल केला. मला काय माहीत, मी बहिऱ्यासारखा उभा! आणि सत्त्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू कॅप्टनच्या पायात आला. पुढे मैदान मोकळं. डावीकडून आमचा एक गडी हात वर करून एकटाच पळतोय. लोक किंचाळतायत — पुढे घे, मार, मार! कॅप्टनने मान वर केली. पायऱ्यांकडे बघितलं. आणि चेंडू घेऊन गेला तो कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी. तिथे पाठ करून उभा राहिला, चेंडू पायाशी दाबून, मागून दोघं लाथा घालतायत आणि हा हलत नाही. वेळ काढतोय, बरोबरी सांभाळतोय. शिट्टी वाजली, आणि अख्ख्या मैदानात तो एकटा हसत, दोन्ही हात पसरून पायऱ्यांकडे धावत आला. मग क्लबच्या ऑफिसातला कारकून बाहेर आला, त्याला फोन आला होता. चालत आला तो. पळाला नाही. त्यावरूनच कळलं आम्हाला.

बोटं ना? बोटांचं काय... खाली होती. तिसऱ्या दिवशी कमिटीने बोलावून विचारलं, तेव्हा मी तेच सांगितलं. म्हटलं, सेल गेले तसे मी हात खाली घेतले. कॅप्टन म्हणत होता, एक-एक दिसलं मला, शेवटपर्यंत दिसलं. मग कोणाचं खरं धरायचं? दोघाचौघांनी सांगितलं की वर होते हात, दोघाचौघांनी सांगितलं नव्हते, आणि बाकीचे चेंडूकडे बघत होते. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, रेडिओने एकोणीस सामन्यांत कधी चुकीचं दाखवलं नाही, तो खोटं कशाला बोलेल? झालं. शिट्टी वाजल्यावर एकटाच हसत होता ना तो, तेच लोकांनी धरलं. विकला गेला म्हणाले. त्याच्या दारावर तेच लिहिलं कोणीतरी, डांबराने. कारखान्यात त्याच्या बाकावर कोणी बसेना. त्याची मुलगी दुसरीत होती, तिला शाळेत — जाऊ द्या. उन्हाळा संपायच्या आत गाव सोडून गेला. मी सामान हलवताना बघितलं, समोरच्या फुटपाथवरून. हात करावा असं वाटलं. नाही केला.

असं बघू नका हो माझ्याकडे. तोंड बंद आहे तुमचं पण डोळे बोलतायत.

मी ओळखलं तुम्हाला. उघडा म्हटलं ना, त्याच क्षणी. वहीत नुसती आद्याक्षरं लिहिलीत तुम्ही, पेन अडखळलं, मी म्हटलं असेल काही. पण वरचा उजवीकडचा दात असा तिरका तुटलेला, ओठाच्या आत टाक्यांची गाठ — बाराव्या सामन्यात कोपर बसलं होतं तुम्हाला, दोन तुकडे तळहातावर थुंकलात, मालिशवाल्याकडे दिलेत आणि पुन्हा खेळायला लागलात. दुसऱ्या दिवशी तो ते कागदात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला होता, पुन्हा बसवता येतील का म्हणून. नाही बसवता येत. त्या खणात आहेत अजून. फेकायला हात धजला नाही. तेव्हा कॅप्टन, कॅप्टन म्हणत तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगत होतो मी एवढा वेळ, तुम्हीही ऐकून घेत होतात. तुम्हाला इथे यायचं नव्हतं, माहीत आहे मला. वरच्या डॉक्टरांनी पाठवलं आणि आत येऊन फोटो बघितलात. मुलीकडे राहायला आलात, त्यांनी सांगितलं.

वर होते. हात वर होते कॅप्टन. अकरा मिनिटं. कानात काही नव्हतं, आणि मी एक-एक दाखवत उभा होतो. तुम्ही तीनदा बघितलंत, मी मोजलंय. तीनदा बघितलंत आणि तीनदा मी एक-एक दाखवलं. का? हात खाली घेतले असते तर तुम्हाला कळलं असतं की रेडिओ मेला. मग तुम्ही गोलसाठी गेला असतात. मारलाही असतात, डावीकडे तो एकटाच होता. पण हात खाली घ्यायचे म्हणजे... एकोणीस सामने तुम्ही माझ्याकडे बघत होतात. आता विसाव्या वेळी बघाल आणि मी नसेन, हे नाही झेपलं मला. वाटलं, एक-एकच असेल. अकरा मिनिटांत काय होतंय.

आणि दुकानं बंद होती ते — दुकानं गेली खड्ड्यात. नवे सेल माझ्या खिशात होते. सकाळी हिने घातले होते, शर्टाच्या या खिशात, वर रुमाल ठेवून. हात लावला मी त्यांना. दोन बोटांत धरले. बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं, कॅप्टन, अर्धं मिनिट! आणि माझ्या मनात काय आलं, की बदलले तर नशीब बदलेल. तसेच ठेवून दिले. हिने घरी आल्यावर शर्ट धुवायला काढला, सेल टेबलावर ठेवले आणि काही विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही. एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं.

कधीच झाली तीन मिनिटं. पाच झाली असतील. काढायची भीती वाटतेय मला, खरं सांगतो. काढतो. सैल सोडा. हं... चूळ भरा. सावकाश भरा, घाई नाही.

काय? — हो, हात वर होते हे तुम्हाला माहीतच असणार, बघितले तुम्हीच. तेच सांगत होतात तुम्ही सगळ्यांना. — नाही, चिडा ना, चिडलात तर मला बरं वाटेल. असं हळू नका बोलू. — रविवारी? क्लबचा मेळावा? आहे, सगळ्या जुन्या खेळाडूंना बोलावलंय... तुम्हाला नाही, ते मला माहीत आहे. मला बोलावलंय, स्टेजवर बसवणार आहेत, सगळ्यात जुना प्रेक्षक म्हणून. — तिथे? माईकवर? अहो, पण तुम्हाला सांगितलं ना मी! तुमच्या तोंडावर सांगितलं, एवढी वर्षं कोणाला नाही सांगितलं ते. ते पुरे नाही? — मुलीसाठी? ती येईल ऐकायला? एकदाच... हो, कळतंय मला. दुसरीत होती ती. कळतंय. पण माझा मुलगा बसणार पहिल्या रांगेत, सून बसेल, नातवंडं, ही असेल. ती पोरं अजून मला रेडिओआजोबा म्हणतात, कॅप्टन. मी उठून उभा राहायचं आणि — नाही. नाही जमणार. आत्ता बोललो ते तुमच्या तोंडात ट्रे होता म्हणून बोललो.

हे बघा, दात बुधवारी तयार होतील. असे करून देतो की जन्माचेच वाटतील. पण आता तुम्ही निघा, बाहेर माझे पेशंट खोळंबलेत — हो, दिसतंय मलाही, बाकडं रिकामं आहे. तो टॉवेल खुंटीला अडकवा. आणि बुधवारी चारनंतर या. चारनंतर इथे कोणी नसतं.