बाराची खुशाली

सासूबाई : जेवलीस का, हे विचारायला नाही केला फोन. डायलिसिस सेंटरच्या सर्व्हरला काय झालंय?

सून : काही नाही, आई. काय व्हायचंय?

सासूबाई : तुझं 'काही नाही' मी सहा वर्षं ऐकतेय. दूध उतू जाऊन गॅस विझला तरी तू 'काही नाही'च म्हणतेस.

सून : आई... यादी गेली.

सासूबाई : कुठली?

सून : तुमचीच. सर्व्हरनं कुठलं काम कधी करायचं, ती. तुम्ही इथं नोकरीत असताना अकरा वर्षं एकेक ओळ घालून केलेली. मला बॅकअपची वेळ बदलायची होती. यादी उघडायला क्रॉनटॅबपुढे ई लिहायचं, तर बोट शेजारच्या आरवर पडलं. ई म्हणजे उघड, आर म्हणजे पुसून टाक. 'नक्की का?' एवढंसुद्धा विचारलं नाही हो त्यानं!

सासूबाई : तो नाहीच विचारत. मुखदुर्बळ आहे. सांगितलं ते निमूट करतो.

सून : मी साहेबांना सांगून मोकळी होते. तुमच्या शब्दावर घेतलं त्यांनी मला तुमच्या जागी. दोन वर्षांत तुमच्या नावाला बट्टा लावला.

सासूबाई : बट्ट्याचं मागाहून बघू. चारला काय जातं?

सून : उद्याच्या पेशंटना मेसेज. कुणी किती वाजता यायचं.

सासूबाई : आणि नाही गेला तर?

सून : तेच तर! दोन मशीन बंद पडलीत, म्हणून उद्याच्या सगळ्यांच्या वेळा हलवल्यात. त्रेसष्ट माणसं. ती आपल्या जुन्या वेळेला येऊन दारात बसतील. ते काठीवाले आजोबा दोन बस बदलून येतात, आई. त्यांना काय सांगू, माझं बोट घसरलं?

सासूबाई : किती वाजले?

सून : बारा पंचवीस.

सासूबाई : म्हणजे साडेतीन तास आहेत. पाच मिनिटं रडून घे, नाहीतर पाणी पी. दोन्हीला वेळ आहे.

सून : पाणी पिते.

सासूबाई : प्यालीस? आता ऐक. यादी गेली, पण लॉग कुठं गेलाय? सर्व्हर काम केलं की लिहून ठेवतो, किती वाजता काय केलं ते. कालचा लॉग काढ.

सून : थांबा हं... आहे! आई, सगळं आहे. पहाटे सव्वादोनला बॅकअप. सहाला पाण्याच्या तपासणीचा तक्ता. वेबसाईट चालू आहे का, ते दर पाच मिनिटांनी. बाराला... ही 'खुशाली' काय आहे?

सासूबाई : ते सोड. चारचं घे. आधी कागदावर लिही.

सून : कागदावर?

सासूबाई : कागदावर बोट घसरत नाही.

सून : बरं. चारचं. सोळा, शून्य, मग तीन स्टार.

सासूबाई : उलटं लिहिलंस. आधी मिनिट, मग तास. तुझा मेसेज जाईल मध्यरात्री, बारा वाजून सोळा मिनिटांनी. आजोबा अंथरुणातून उठून बस स्टॉपवर जातील.

सून : हसवू नका हो. शून्य, सोळा. आणि स्टार तारखेला, महिन्याला, वाराला. म्हणजे रोज.

सासूबाई : गेल्या शनिवारचा लॉग बघ.

सून : शनिवारी चारला काहीच नाही. हां, रविवारी सेंटर बंद!

सासूबाई : म्हणून शेवटची चांदणी काढ आणि शून्य ते पाच लिही. रविवार ते शुक्रवार. असं एकेक काम मागच्या चार आठवड्यांशी ताडून बघ. जानेवारीच्या एक तारखेला नव्या वर्षाचं वेळापत्रक तयार होतं, ते तेवढं लॉगमध्ये सापडायचं नाही. मला पाठ आहे, ते मी सांगते.

(चार वाजून तीन मिनिटं. फोन चालूच.)

सून : गेले! त्रेसष्टच्या त्रेसष्ट! आजोबांचा तर 'ठीक आहे, बाळा' असा उलट मेसेजही आला.

सासूबाई : आता यादीची एक नक्कल फाईलमध्ये ठेव. मग साहेबांना जाऊन सांग, काय झालं आणि कसं सावरलं. लपवायचं नाही.

सून : सांगते. पण आधी तुम्ही सांगा. ती खुशाली मी उघडून बघितली. रोज बाराला 'मी बरा आहे' एवढाच मेसेज जातो. नंबर तुमचा आहे.

सासूबाई : हं.

सून : आज तो आला नाही, आणि वीस मिनिटांत तुमचा फोन. म्हणजे दोन वर्षं तुम्ही माझ्यावर नजर ठेवून आहात.

सासूबाई : राग आला?

सून : आला. खोटं कशाला बोलू.

सासूबाई : तुझ्यावर नव्हती गं नजर. नोकरी संपली त्या दिवशी ती ओळ काढायलाच बसले होते. मन होईना. तुम्ही सगळे आठला बाहेर पडता ते सातला येता. मधल्या वेळात माझा मोबाईल वाजतो तो त्या एका मेसेजनं. बाकी सगळ्या जाहिराती. कुणीतरी बरं आहे, एवढं कळलं की मी पान वाढून घेते.

सून : आई, हे मला कधी बोलला नाहीत.

सासूबाई : काढून टाक. वेडेपणाच तो.

सून : घातलीच नाही मी यादीत.

सासूबाई : बरं केलंस.

सून : बाराला मी डबा उघडते. उद्यापासून मीच फोन करीन. जेवलात का, एवढं विचारायला.

सासूबाई : विसरशील कामाच्या गडबडीत.

सून : कागदावर लिहिते ना. शून्य, बारा. तारीख स्टार, महिना स्टार. वार सोमवार ते शनिवार. रविवारी आपण दोघी घरीच असतो.

सासूबाई : असू दे. तिथंही चांदणीच घाल.