टँकर आपल्याच गल्लीत

दुष्काळाचं साल. शेंद्र्याजवळच्या आमच्या नव्या कॉलनीत टँकरच्या रांगेत माझ्यामागं स्वराली मनकर्णाबाईंना मोबाईल दाखवत होती.

“मावशी, टँकरला यंत्र बसवलंय. आपल्या देशाचे उपग्रह त्याचा ठिकाणा सांगतात.”

“ते जगभर हिंडत असतील. आपल्याकडं बघत्यात कवा?”

“कायम. काही एकाच जागी थांबलेले दिसतात, बाकीचे आपल्या डोक्यावरच इंग्रजी आठचा आकडा गिरवत राहतात.”

“लई इमानदार हायेत. मग टँकर कुठं हाय?”

“आपल्याच गल्लीत दाखवतंय. पण दिसत तर नाही.”

“यंत्र असतं तरी कसं?”

“काळी डबी. लाल दिवा लुकलुकतो.”

“ती व्हय? ती माझ्या फळीवर हाय. डायवर सकाळीच ठेवून गेला. म्हणला, मावशी, डबी पोचली म्हंजी टँकर पोचलाच समजा.”