मोंतेरोस्सोच्या बाकावरील सामानाबाबत

जबाब देणार: सुहासिनी श्यामकांत आगाशे, वय ६७ वर्षे, टेलिफोन खात्यातून निवृत्त ऑपरेटर, राहणार सहकारनगर, पुणे. सध्या मुक्काम मुलाकडे, आइंडहोवनजवळील बेस्ट या गावी.
ठिकाण: पोलीस ठाणे, आइंडहोवन. दिनांक ६ जून २०१६. दुभाषी: नीरजा, हार्लेमहून फोनवर.

समक्ष हजर राहून सांगते की, मी एप्रिलपासून मुलगा राजस व सून मृण्मयी यांच्याकडे आले आहे. गेल्या महिन्यात आम्ही तिघे इटलीला समुद्रकाठची गावे पाहण्यास गेलो. तेथे मी हरवल्याची तक्रार राजसने केली. ती माझ्या इथल्या पत्त्यामुळे या ठाण्याकडे आली आहे. तीत त्याच्या सांगण्यावरून "वृद्ध महिला, विसरभोळी, भरकटली" असे लिहिले आहे. त्यावरून राजसने इथल्या डॉक्टरची वेळ घेतली आहे आणि यापुढे मला पुण्यात एकटी राहू देणार नाही असे म्हणतो. माझे परतीचे विमान याच महिन्यात आहे. सबब हा जबाब देत आहे.

त्या दिवशी सकाळी मोंतेरोस्सो गावातून वेर्नात्सा गावी डोंगरवाटेने चालत जायचे ठरले होते. पायवाटेचे तिकीट माझेही काढले होते. सुरुवातीच्या पायऱ्या पाहून राजस म्हणाला, "आई, तू इथेच बस. सामान बघ आणि हलू नकोस. आम्ही तिकडे जेवून ट्रेनने येतो." मृण्मयी म्हणाली, "अरे, येतील त्या हळूहळू." राजस म्हणाला, "गुडघ्याचं काही झालं तर? रिस्क नको." मी बाकावर बसले. सामानात दोन सॅक, एक पिशवी व माझा फोन होता.

विचारले नसताना सांगते की, मी रोज सकाळी तळजाईची टेकडी चढते. राजसला ते ठाऊक आहे, पण तो फोन करतो तेव्हा मी घरी परतलेली असते. तसेच, कन्याकुमारीला यजमान व मुलगा होडीतून शिळेवर गेले तेव्हा मी किनाऱ्यावर सामानाजवळ होते. हंपीलाही होते. तेव्हा कुणी जबरदस्ती केली नव्हती. सामानाजवळ कुणीतरी बसावेच लागते.

थोड्या वेळाने मी सामान शेजारच्या लिंबांच्या दुकानातील बाईंना खुणेने सांभाळायला दिले. त्यांनी मान हलवली. मला राग आला नव्हता. मला जायचे होते. फोन मुद्दाम ठेवला नाही, पण राहिल्याचे वाटेत लक्षात आले तेव्हा परतलेही नाही. नोकरीत जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडले; त्या दिवशी फोन नाही याचे बरे वाटले.

वाट चढाची आहे. एका बाजूला द्राक्षांचे मळे, दुसरीकडे खाली समुद्र. तपासणीच्या चौकीवर तिकीट दाखवले. दोनदा बसले, पाणी प्यायले. वाट एकच आहे, चुकायला जागा नाही.

वेर्नात्साला दुपारी पोचले. मुले जेवून निघून गेली होती. चुकामूक झाली तर एकाने जागेवरच थांबायचे, हे राजसला लहानपणी मीच शिकवले आहे. म्हणून धक्क्यावर, स्टेशनातून येणाऱ्याला दिसेल असे बसले. चपला काढून पाय पाण्यात सोडले. फार छान वाटले. इतके छान मला बऱ्याच वर्षांत वाटले नव्हते.

संध्याकाळच्या सुमारास राजस दोन पोलिसांना घेऊन आला. मला पाहून तो रडला. त्याच्या जिवाला घोर लागला याचे मला वाईट वाटते व तसे मी त्याला सांगितले आहे. चालत गेल्याचे वाईट वाटत नाही. सामान पूर्ण मिळाले.

माझी विनंती अशी की, तक्रारीत "महिला वेर्नात्सा येथे सापडली" असे जे आहे, तेथे "पोचली" असे लिहावे. आज सोमवार आहे हे मला ठाऊक आहे. डॉक्टरकडे मी जाईन, टेकडीचेही सांगेन. विमान मात्र ठरलेलेच घेईन.

वरील मजकूर नीरजाबाईंनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही चष्म्याशिवाय करत आहे, कारण चष्मा पर्समध्ये आहे आणि पर्स घेऊन राजस बाहेर बाकावर बसला आहे. त्याला मी हलू नको म्हणून सांगितले आहे.

सही/-
सुहासिनी श्यामकांत आगाशे