पायजमा लांबला तेव्हा

सटवा : आणखी काय राहिलंय, आश्रुबाकाका? पायजमा लांब झाला म्हणून भर बाजारात मला 'माप न येणारा शिंपी' म्हणून झालं. आता कशाला आलात?

(नेकनूर. सटवा शिंप्याचं दुकान. आश्रुबा आणि त्यांची बायको वच्छलाबाई दारात उभे.)

आश्रुबा : पेढे आणलेत. आधी घे तर.

सटवा : पेढे? तुमचा पायजमा आटला का काय?

वच्छलाबाई : पायजमा तेवढाच हाय, बाबा. हेच आटले.

सटवा : मग मी दुसरं काय म्हणलो होतो? "पायजमा तोच हाय काका, तुमीच आखूड झालात." तर कात्री उचलली माझ्यावर!

आश्रुबा : त्याच बोलण्याचे पेढे हायत, बे. बस, सांगतो. छावणीवर मी उसाच्या वाढ्याचे भारे उचलायचो, ठाऊक हाय ना?

सटवा : दूध सोसायटीच्या छावणीवर. यंदाच्या दुष्काळात साऱ्या गावाची जनावरं तिथंच तर हायत.

आश्रुबा : तिथं भाकरी खाताना दाढ हलली. हिरड्यांतून रगत तर रोजच यायचं. म्हणलं, वय झालं. बैलाचे बी दात झिजतात.

वच्छलाबाई : जन्मभर बैलांची तोंडं उघडून पाहिली, सोताचं न्हाई. शेवटी मीच ओढत बीडला नेलं.

आश्रुबा : दाताची डॉक्टरीण, आपल्या नातीएवढी. म्हणलं, बाई, उपटून टाक. तिनं जबड्याचा फोटो काढला अन् विचारलं, "आजोबा, पाठ दुखते का? उंची कमी झालीय का?" म्हणलं, छे!

वच्छलाबाई : मी म्हणलं, उंचीचं ठाऊक न्हाई, पण शिंप्याशी लई भांडण झालंय. अन् तुझं बोलणं सांगितलं. वाटलं, हसंल. ती हसलीच न्हाई.

आश्रुबा : लगेच हाडांच्या तपासणीला धाडलं. हाडं आतून पोकळ, पाठीचा मणका दबलेला. अजून भारे उचलले असते, तर कायमचा खाटेवर पडलो असतो.

सटवा : पण दाताचा अन् पाठीचा काय संबंध?

आश्रुबा : दावणीचा खुंटा हलला, तर खुंट्याला शिव्या देशील का जमीन बघशील?

सटवा : जमीन.

आश्रुबा : दात म्हणजे खुंटा, जबड्याचं हाड म्हणजे जमीन. हिरड्या बिघडल्या की ती खचते. अन् अंगातली हाडंच पोकळ असली, तर जबड्याचं बी लौकर खचत असंल. बाई म्हणली, एकामुळंच दुसरं होतं असं ठाम सांगता येत न्हाई. पण म्हातारपणी दोन्ही बऱ्याचदा सोबत दिसतं. हाडांचं बायांना कुणी तरी विचारतं, पुरुषांना कुणी विचारत न्हाई.

वच्छलाबाई : आता तंबाखू बंद, हिरड्या साफ, गोळ्या चालू. भारे आमचा पोरगा रामहरी उचलतो. हे नुसते बैलांशी गप्पा मारतात.

आश्रुबा : दाढ जागेवर हाय, अन् मी बी उभा हाय. त्या पोरीची पुण्याई, अन् तुझ्या तिखट जिभेची. माप तुझं बरोबर होतं, सटवा.

वच्छलाबाई : अरे, खा की! पेढा हातातच धरून बसलास.

सटवा : काकू... आमच्या वडलांच्या भाकरीला रोज रगत लागतंय.

आश्रुबा : अन् पाठ?

सटवा : कधी विचारलं न्हाई. पण यंदा त्यांचा पायजमा मीच दोनदा आखूड केलाय.

आश्रुबा : सकाळच्या बीडच्या गाडीला घेऊन ये त्यांना. मी खिडकीची जागा धरून ठेवतो.