दुसऱ्या कुलपाची किल्ली

(दक्षिण कोरियातलं गोजे बेट. जहाजांचे पोलादी जोड किरणांनी तपासणाऱ्या एका छोट्या कंपनीची बैठकीची खोली. दुपारचे बारा. मालक रयू, सुरक्षा अधिकारी प्यो बाई आणि किरणोत्सारी कुप्यांची कोठी सांभाळणारा दोकसू.)

रयू : वाक्य एवढंच आहे, बाई. 'साफसफाई करताना कुपी नजरचुकीने बाहेर राहिली.' खाली तुमचा शिक्का.

प्यो : बाहेर राहिली, आणि मग स्वतःच चालत जाऊन चोन साहेबांच्या खुर्चीत शिरली?

रयू : खुर्चीचा उल्लेख करायलाच हवा का?

प्यो : काल सकाळी किरणमापकाची बॅटरी बदलून मी त्यांच्या टेबलाजवळून जात होते. मापक किंचाळायला लागलं. गादी उसवून पाहिली. आत चिकटपट्टीने नीट बसवलेली होती, साहेब. शिवण परत घातलेली. नजरचुकीने कोणी शिवणकाम करत नाही.

दोकसू : जुनी होती ती. विझत आलेली. परत पाठवायच्या पेटीतली.

प्यो : तू बोलू नकोस. तुझा आवाजही नको मला.

दोकसू : खरं तेच सांगतोय. नवी घेतली असती तर...

प्यो : तर काय? उपकार केलेस म्हणतोस? पुसानच्या दवाखान्यात त्यांच्या मांडीची कातडी काळी पडलीय. दुसरीकडची काढून लावावी लागेल म्हणतात. जा, त्यांना सांगून ये, की जुनी होती.

रयू : हळू, बाई. भिंती पातळ आहेत.

प्यो : नऊ दिवस, दोकसू. नऊ दिवस तू त्यांच्या समोर बसून जेवलास. मंगळवारी स्वतःच्या ताटातला माशाचा तुकडा त्यांच्या भातावर ठेवलास. मी पाहिलं. मला वाटलं, चला, मिटलं यांचं. आणि मांडीला चट्टे आले म्हणाले, तेव्हा मलम कोणी आणून दिलं?

दोकसू : मी.

प्यो : शी.

रयू : दोकसू, तू असं कर. घरच्या अडचणीसाठी राजीनामा दे. मी चार चांगल्या ओळी लिहून देतो. यसू बंदरात माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना अनुभवी माणूस हवाच आहे.

दोकसू : कसलं काम?

रयू : हेच. कोठीचं.

दोकसू : राहायला खोली देतील?

प्यो : तुम्ही दोघं माणसं आहात की कोण? साहेब, ज्याने कुपी माणसाच्या खाली शिवली, त्याच्या हातात तुम्ही दुसऱ्या कोठीच्या किल्ल्या देताय?

रयू : मग काय करू? ही गोष्ट गोदीवाल्यांना कळली की काम गेलं. चाळीस घरं आहेत आपल्यावर. तुम्ही नियमावर बोट ठेवून मोकळ्या व्हाल.

प्यो : नियमावरच बोट ठेवायचं तर ठेवू या. त्या कोठीला कुलपं किती?

रयू : आता हे कशाला?

प्यो : दोन. किल्ल्या दोन, माणसं दोन. एकट्याने आत जायचंच नाही, एवढ्यासाठी. दुसरी किल्ली माझी. सप्टेंबरात काम वाढलं आणि तुम्ही म्हणालात, 'बाई, दिवसातून सहादा जिना कशाला उतरता? किल्ली दोकसूच्या खिळ्याला लावून ठेवा.' मी लावली.

रयू : तुमच्या गुडघ्यांसाठीच म्हणालो होतो.

प्यो : माझ्या गुडघ्यांना बरं वाटलं, हे खरं. मग संध्याकाळी वरच बसून मी शिक्के मारायचे. 'जुन्या कुप्या सहा. समक्ष मोजल्या.' कालच्या ओळीत सहा होत्या म्हणून आजही सहा. पेटी पाच महिने उघडून पाहिली नाही.

दोकसू : म्हणूनच सांगतो ताई, लिहू नका. तुमचाच शिक्का आहे प्रत्येक ओळीला. पहिल्यांदा तुम्हीच अडकाल.

प्यो : हे तू माझ्या काळजीने सांगतोयस?

दोकसू : काम तुम्हीच शिकवलंत मला.

प्यो : हो. कुपी कुठे ठेवली तर कोणाला काय होतं, तेही मीच शिकवलं.

दोकसू : चोनने काय केलं ते कोणी विचारत नाही. बढतीच्या यादीतून दोनदा माझं नाव खोडलं. तिसऱ्यांदा स्वतःच्या मेव्हण्याला आणून बसवलं. नव्या वर्षाच्या जेवणात सगळ्यांसमोर मला कोठीतला उंदीर म्हणाला, आणि वर माझ्याकडूनच पेला भरून घेतला. तुम्ही होतात तिथे.

प्यो : होते. तू पेला भरताना म्हणालास, 'एक दिवस हा बसल्या जागी सडेल.' सगळे हसले. मीही हसले. त्याच रात्री तुझी किल्ली काढून घ्यायला हवी होती, आणि दुसऱ्या दिवशी तुला बसवून विचारायला हवं होतं. दोन्ही माझंच काम होतं. तेच आठवून पहाटेपासून तीनदा हात धुतले.

रयू : पहाटेपासून? म्हणजे तुम्ही...

प्यो : अहवाल सकाळी सातला पाठवला. अणुसुरक्षा आयोगाची माणसं तीनला पोहोचतील, पोलीस त्यांच्याबरोबर. कोठीला मी नवं कुलूप घातलंय. तुम्हीही आत जायचं नाही, साहेब.

रयू : मला न विचारता?

प्यो : विचारलं असतं तर तुमचं हे वाक्य सकाळीच ऐकावं लागलं असतं.

रयू : अहवालात काय लिहिलंत?

प्यो : पहिला परिच्छेद माझा. खोटे शिक्के, तारखांसकट. दुसरा किल्लीचा, तुम्ही काय म्हणालात त्यासकट. याचा तिसरा.

दोकसू : ताई, मला फक्त त्यालाच धडा शिकवायचा होता. दुसऱ्या कोणाला नाही. शपथ.

प्यो : त्या खोलीत किती टेबलं आहेत?

दोकसू : सहा.

प्यो : चोन साहेबांच्या पाठीला पाठ लावून कोण बसतं? नाव घे.

दोकसू : सोरा.

रयू : अरे देवा. तिला तर पाचवा महिना लागलाय ना?

दोकसू : ती... मधे फळी आहे ना, ताई? फळी आहे मधे.

प्यो : लाकडाची.

दोकसू : तिला सांगितलंत?

प्यो : अजून नाही. खोलीतल्या सगळ्यांना रक्ततपासणीला न्यायला गाडी बोलावलीय, एवढंच माहीत आहे तिला. ती डबा उघडून बसलीय. जेवण होऊ दे तिचं, मग खाली जाऊन सांगते.