सायकल पंक्चर आहे, जरा सोबत चला

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ग्रंथालय समितीचे पदाधिकारी, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आपल्या ग्रंथपालबाई, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

माझं नाव वक्त्यांमध्ये शेवटी होतं. मी हट्टाने आधी उभी राहिले, कारण मला थांबणं शक्य नाही. दवाखान्यातली सिस्टर बोलायला लागली म्हणजे आता लसीकरण ऐकावं लागणार, असं तुम्ही धरून चालला असाल. आज तो त्रास देत नाही.

एकच विचारते. आपल्या गावात मनाचं दुखणं घेऊन माणसाने जायचं कुठे? दवाखान्यात? छे! माझ्याकडे सगळे डोकं, पाठ आणि अपचन घेऊन येतात. मन बिघडलंय असं कुणी म्हणालं, तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा होतो. ग्रंथालयाची पायरी चढणाऱ्याला मात्र कुणी नावं ठेवत नाही. वाचायला गेला असेल, म्हणतात. तिथे खिडकीपाशी पुस्तक उपडं ठेवून नुसती बसून राहणारी माणसं मी पाहिली आहेत. बाई त्यांना कधी हटकत नसत. पुस्तक परत आलं की ते स्वतःच्या हातात घ्यायच्या, "कुठवर आलात?" म्हणून विचारायच्या आणि दुसरं पुढे करायच्या.

आणि कुणी "आता दुसरं नको" म्हणालं, की बाईंचा चेहरा बदलायचा. पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक काखेत मारून त्या दाराला कुलूप लावायच्या. म्हणायच्या, "माझी सायकल पंक्चर आहे. हे सिस्टरला द्यायचंय. जरा सोबत चला." दोघं दवाखान्यात आली की मी दार लोटून घ्यायची आणि चहा टाकायची. त्या पुस्तकातला एकही पदार्थ आमच्या घरी शिजलेला नाही, आमचे हे साक्षीला पुढच्याच रांगेत बसलेत. पण त्या चहानंतर ज्यांना मी शहरातल्या मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, अशी माणसं आज या सभागृहात आहेत. मी त्यांच्याकडे बघणार नाही. ती आहेत, एवढं पुरे.

समितीने आता दाराला परतीची पेटी बसवली आहे. फटीतून पुस्तक टाकायचं आणि चालू पडायचं. अध्यक्षमहोदय, तुमचा हेतू चांगला आहे, पेटीला रंगही झकास दिलाय. पण कुठवर आलात, हे ती पेटी विचारणार आहे का? दुसरं नको म्हणणाऱ्याचं तोंड कोण बघणार? मला त्या पेटीची भीती वाटते, स्पष्टच सांगते. पुस्तक आत पडल्याचा आवाज तेवढा येईल, आणि टाकणारा निघून गेलेला असेल.

आता ज्यासाठी घाई केली ते. आज दुपारी बाई दवाखान्यात आल्या. एकट्याच. ते जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं, शेजारी घराची किल्ली ठेवली. म्हणाल्या, "हे तुझ्याकडेच राहू दे. मांजर उपाशी राहायला नको, तेवढं बघ." मी विचारलं, "बाई, आता वाचायला काय नेलंत?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आता दुसरं नको गं."

मी चहा टाकला. तो उकळायच्या आत समितीची गाडी त्यांना सत्कारासाठी इकडे घेऊन आली.

बाई, चारचौघांत बोलले, खुशाल रागवा माझ्यावर. पण हे पुस्तक मी ठेवून घेणार नाही. किल्लीही नाही.

समितीने मला बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी ऐकून घेतलं, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. अध्यक्षमहोदय, तुमचं भाषण आम्हा दोघींना ऐकता येणार नाही, त्याचीही क्षमा असावी.

उठा बाई. माझी सायकल पंक्चर आहे. जरा सोबत चला.