मालूबाईचं राहिलेलं

पाणी नको, मालूबाई. तू सुताच्या कांड्या भर, माझ्यासाठी हात थांबवू नकोस. तर मी म्हणत होतो — सन एकोणीसशे अकराचा मार्गशीर्ष होता, कापसाची दुसरी वेचणी चालू होती, त्या रविवारी तू माझ्या घरून, प्रार्थनेतून उठून गेलीस ती आज फाल्गुन लागला तरी आली नाहीस. रागावलीस? नाही म्हणतेस. नुसती मान हलवून नाही म्हणणारं माणूस रागावलेलंच असतं.

पाद्रीसाहेब खंडव्याला गेले तेव्हा प्रभूची ही मंडळी माझ्या हवाली केली — आठ माणसं. वाचता मला एकट्यालाच येतं, तेही अक्षराला अक्षर जोडून. म्हणून वाचन मी, अर्थ मी, प्रार्थना मी. साहेब ‘सांभाळ’ म्हणाले होते. ‘बोल’ म्हणाले नव्हते — हे आता कळतंय. उखर्डू तोंडावर म्हणायचा, ‘गिरधरदादा, तुमचं चालू द्या, आम्ही आपले आमेन म्हणायला येतो.’ सगळे हसायचे. मीही हसायचो. मला वाटायचं, कौतुक करतोय.

आणि त्या दिवशी तू पहिल्यांदा तोंड उघडलंस. तुझी लेक कोकिळा तापानं जाऊन महिना झाला होता. ‘देवा, माझ्या लेकीला का —’ एवढं म्हणालीस आणि अडकलीस. मागावर सूत तुटलं की माझा हात आपोआप जातो, गाठ मारतो — चाळीस वर्षांची सवय. तशीच तुझ्या तुटलेल्या वाक्यालाही मारली. ‘तुझी इच्छा आम्हाला मान्य आहे, प्रभू, आमेन.’ मान्य आहे असं तू म्हणणारच नव्हतीस. होय ना?

सवय कसली, सवय हे निमित्त. खरं म्हणजे मी भ्यालो. माझी बायको गेली तेव्हा मी ‘का’ विचारलं नव्हतं. तू विचारलं असतंस तर मलाही — जाऊ दे. हे सांगायला आलो नव्हतो.

गेल्या रविवारी ठरवून गप्प बसलो. म्हटलं, कुणी तरी बोलेल. कुणी बोललं नाही. सगळे माझ्याकडे बघत राहिले, मी जमिनीकडे. शेवटी उखर्डू उठला. ‘दादा, मालूबाईचं राहिलंय. ते झाल्याशिवाय आमची जीभ उचलत नाही.’ गेले सगळे. मी बोललो तरी मंडळी मोडते, गप्प बसलो तरी मोडते. काय करावं, मला समजत नाही. या वयात कुणाला विचारू?

एवढं समजतं की तुझं देणं आहे माझ्याकडे. तुला जिथं थांबवलं तिथून म्हण. ‘का’ म्हण. भांड त्याच्याशी. अडकलीस तर अडक, रडलीस तर रड — मी मध्ये येणार नाही. हा बसलो इथं, उंबऱ्याशी. म्हण.

…

झालं? जसं म्हणालीस तसंच राहू दे, आमेन मी जोडत नाही.

निघतो मी.